जुन्या भिंगांनी जुळवलेली मैत्री

छंद म्हटला की खर्च आला, वेळ गेला आणि घरच्यांची थोडीफार बोलणीही आली. तरी माणसे छंद सोडत नाहीत, कारण चांगला छंद माणसाला एकटे राहू देत नाही. टपाल तिकिटे जमवणारे, गुलाबाची कलमे करणारे, जुन्या ध्वनिमुद्रिकांसाठी बाजार पालथे घालणारे अशा सगळ्यांनाच कधी ना कधी आपल्यासारखा दुसरा वेडा भेटतो आणि मैत्रीची गाठ पडते.

या वेड्यांमध्ये एक जमात अगदी निराळी आहे. खिशातल्या मोबाइलने क्षणार्धात स्वच्छ फोटो निघत असताना ही मंडळी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, हाताने फिरवून फोकस करावी लागणारी लेन्स शोधून काढतात, पुसूनपासून नव्या कॅमेऱ्याला जोडतात आणि एकेका फोटोसाठी दहा-दहा मिनिटे घालवतात. हा निव्वळ जुन्याचा सोस नाही. या भिंगांचे ज्ञान हातातून हातात जाते. म्हणूनच त्यांच्याभोवती मैत्री जमते आणि म्हणूनच ती टिकवण्याची आज गरज आहे. हे समजून घ्यायला भिलाईसारखे दुसरे ठिकाण नाही.

नागपूर राजधानी असतानाची गोष्ट

भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोविएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली आणि १ नोव्हेंबर २००० पासून हा भाग छत्तीसगडमध्ये आला. पण मुंबई-हावडा लोहमार्ग तोच राहिला आणि विदर्भाशी असलेले येणेजाणेही राहिले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे कामाला आली. भिलाईला लोक ‘लघु भारत’ म्हणतात ते उगीच नाही.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तोवर शेकडो भारतीय अभियंते सोविएत कारखान्यांत प्रशिक्षण घेऊन आले होते आणि सोविएत तंत्रज्ञ भिलाईत राहून इथल्या कामगारांच्या हाताला वळण लावत होते. एकाने करून दाखवायचे, दुसऱ्याने पाहून शिकायचे, अशी ती पद्धत होती. त्या संबंधांची आठवण म्हणून १९७२ साली उभ्या राहिलेल्या उद्यानाचे नावही ‘मैत्री बाग’ असेच ठेवले गेले. तिथले पांढरे वाघ पाहायला आजही दुरून लोक येतात.

याच सोविएत देशाने जगाला स्वस्त आणि दणकट कॅमेरे दिले. झेनिट, झोर्की, फेड, किएव्ह ही नावे त्या पिढीतल्या हौशी छायाचित्रकारांच्या तोंडी असत. जर्मन लायका किंवा जपानी निकॉन मध्यमवर्गीयाला परवडण्याजोगा नव्हता. घरोघरी असायचा तो बडोद्यात तयार होणारा साधासुधा आग्फा क्लिक-३. त्याच्या पुढची पायरी चढू पाहणाऱ्याला झेनिट हा मोठा आधार होता. वजनाने जड, दिसायला ओबडधोबड, पण त्याच्या तोंडाशी बसवलेले हेलिओस भिंग मात्र अस्सल.

अनाथ मुलांचा कॅमेरा

या कॅमेऱ्यांचा इतिहासही माणुसकीने भरलेला आहे. खारकोव्ह शहरात यादवी युद्धानंतर बेवारस झालेल्या मुलांसाठी एक वसाहत होती आणि प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ अंतोन मकारेन्को तिचे प्रमुख होते. मुलांनी अभ्यासाबरोबर स्वतःच्या हाताने काही घडवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तिथे आधी विजेवर चालणारी छिद्रयंत्रे बनू लागली आणि १९३४ पासून लायकाच्या धर्तीवर कॅमेऱ्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. त्याला नाव मिळाले ‘फेड’. सोविएत गुप्त पोलिस दलाचे संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांच्या नावाची ही आद्याक्षरे होत. वसाहतही त्यांच्याच नावाची होती.

यंत्र उघडून पाहण्याची ही हौस मराठी माणसाला नवी नाही. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी चित्रपटाचा कॅमेरा घरच्या घरी बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. मग बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ साली तो कॅमेरा पुरा केला. पुस्तक वाचून नव्हे, तर एकमेकांच्या मदतीने.

भिंग बोलत नाही

आजचे लेन्स आपले नाव, गाव, छिद्राचे माप सारे काही कॅमेऱ्याला विजेच्या संदेशाने कळवते. जुने भिंग मुके असते. त्यात काच, पितळ, ॲल्युमिनियम आणि वंगण याखेरीज काहीच नसते. ते कसे वापरायचे हे कुणीतरी सांगावे लागते.

हेलिओस ४४-२ चेच उदाहरण घ्या. ५८ मिलिमीटरचे हे भिंग कार्ल झाइस कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या बायोटार भिंगावरून तयार झाले. त्यावर छिद्रासाठी एक नव्हे तर दोन कड्या आहेत. एका कडीने आधी माप ठरवायचे, समजा एफ-८. दुसऱ्या कडीने छिद्र पूर्ण उघडायचे, म्हणजे दृश्य उजळ दिसते. मग फोकस साधायचा आणि फोटो काढण्यापूर्वी न बघता, केवळ बोटाच्या अंदाजाने, ती कडी आठावर आणून टेकवायची. नवख्याच्या हाती हे भिंग दिले तर तो ‘बिघडलेले आहे’ म्हणून परत करील. जाणकार मित्र शेजारी असला तर पाच मिनिटांत सगळा उलगडा होतो.

मग गंमत सुरू होते. झाडाच्या पानांपुढे माणूस उभा करून पूर्ण उघड्या छिद्राने फोटो काढला की मागची पाने गोल गरगरत असल्यासारखी दिसतात. खरे तर हा भिंगाचा दोष. शास्त्रशुद्ध दृष्टीने ते उणे ठरते, पण या मंडळींना तोच स्वभाव वाटतो. मित्रांचेही तसेच असते. दोष माहीत असूनही, किंबहुना दोषांसकट, ते आपलेसे वाटतात.

एका फोटोची करामत

छायाचित्रकारांच्या मैत्रीने कधी कधी उद्योगांचेही नशीब पालटले आहे. १९५० साली ‘लाइफ’ साप्ताहिकाचे अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जून मिकी या तरुण जपानी सहकाऱ्याने त्यांचा एक फोटो काढला. भिंग होते जपानी, ८५ मिलिमीटरचे निक्कोर. त्या काळी जपानी माल म्हणजे नक्कल, अशीच सर्वत्र समजूत होती, त्यामुळे डंकन यांना प्रथम हसू आले. छापून आलेला फोटो पाहिल्यावर मात्र त्यांना त्यातली तीक्ष्णता खरी वाटेना. दोघे थेट निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात गेले, भिंगे तपासली आणि डंकन यांनी ती आपल्या कॅमेऱ्यांसाठी घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले. त्या भिंगांतून निघालेली छायाचित्रे न्यूयॉर्कला पोहोचली आणि निक्कोरचे नाव जगभर झाले.

यातला आणखी एक धागा पाहण्याजोगा आहे. ते निक्कोर भिंग झाइस कंपनीच्या सोनार या जर्मन रचनेवर आधारलेले होते. सोविएत बनावटीचे ज्युपिटर-९ हेही त्याच सोनारचे रूप. म्हणजे अमेरिका, जपान, जर्मनी आणि रशिया एकमेकांकडे संशयाने पाहत असताना त्यांच्या कॅमेऱ्यांत एकाच घराण्याची भिंगे होती!

नव्या कॅमेऱ्यावर जुने भिंग

१९८५ साली मिनोल्टा ७००० हा आपोआप फोकस करणारा कॅमेरा आला आणि हाताने फिरवायची भिंगे अडगळीत जाऊ लागली. त्यांना दुसरा जन्म मिळाला तो २००८ नंतर, आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आल्यावर. कारण साधे आहे. झेनिटच्या भिंगाला, म्हणजेच ४२ मिलिमीटरच्या आट्यांच्या एम-४२ प्रकाराला, फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. आरसा गेल्यामुळे नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २० मिलिमीटरवर आले. उरलेली जागा एका पोकळ नळीने, म्हणजे ॲडॅप्टरने, भरून काढता येते. त्यात काच नसते, वीज नसते. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ ही सोय तेवढी सुरू करावी लागते. निकॉनच्या जुन्या, आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत मात्र हे अंतर ४६.५ मिलिमीटर असल्याने साध्या नळीने दूरचे दृश्य स्पष्ट येत नाही. ज्याने हे आधी विचारून घेतले त्याचे पैसे वाचले.

ॲडॅप्टर एकाकडे, भिंग दुसऱ्याकडे, कॅमेरा तिसऱ्याकडे अशी स्थिती असली की रविवारची सकाळ एकत्र घालवणे आलेच. कारखान्यातून निवृत्त झालेले काका आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा एरवी एकमेकांशी काय बोलणार? पण भिंग मध्ये आले की वयाचा प्रश्न राहत नाही. काकांना कडी फिरवण्याचा सराव असतो, मुलाला कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या खुणा कळतात. दोघांनाही एकमेकांची गरज असते आणि ती बोलून दाखवावी लागत नाही.

घरच्यांच्या दृष्टीनेही यात सोय आहे. हा छंद एकट्याने केला तर भिंगामागून भिंग विकत घेण्याचा नाद लागतो आणि महिन्याचे गणित कोलमडते. चौघा मित्रांनी मिळून चार वेगवेगळी भिंगे घेतली आणि आळीपाळीने वापरली, तर प्रत्येकाला चारही मिळतात. फक्त उसने नेलेले भिंग वेळेवर, पुसून आणि पुढचे-मागचे झाकण लावून परत करावे. पडले, आपटले तर लपवू नये. अशा ठिकाणी मैत्रीची परीक्षा होते.

पावसाळ्याचा शत्रू

भिलाईच्या उन्हाळ्यापेक्षा भिंगाला पावसाळ्याची भीती जास्त. दमट, अंधारी जागा मिळाली की काचेवर बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे पसरतात आणि दुर्लक्ष केले तर काचेवरचा लेप कायमचा खातात. चामड्याच्या पिशवीत वर्षानुवर्षे ठेवलेली भिंगे याच कारणाने जातात. उपाय घरगुती आहे. घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि भिंगे ठेवावीत. दाण्यांचा रंग बदलला की ते पुन्हा वाळवावेत. हा डबा आणि हे दाणे मुलांपासून दूर ठेवावेत आणि डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. आठवड्यातून एकदा भिंग बाहेर काढून वापरणे हा सर्वांत उत्तम उपाय, आणि त्यासाठी मित्रांसारखे निमित्त नाही.

जुने भिंग विकत घेताना मागून मोबाइलचा दिवा लावून आत पाहावे. धूळ चालते, धागे चालत नाहीत. कडी सलग फिरते का, छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे का, तेही पाहावे. जपानच्या काही जुन्या ताकुमार भिंगांची काच पिवळी पडलेली आढळते. तिच्यात थोरियम मिसळलेले असल्याने हे होते आणि ऊन दाखवल्यावर पिवळेपणा उतरतो. पण भिंग उन्हात उघडे टाकून जाऊ नये, कारण एकवटलेल्या किरणांनी आग लागू शकते. भिंग उघडून दुरुस्त करण्याचा मोह नवशिक्याने टाळावा. आधी जाणकाराच्या शेजारी बसून पाहावे.

कपाट उघडण्यापूर्वी

असे शेजारी बसवून शिकवणारे हात आता कमी होत चालले आहेत. भिलाईसारख्या कारखान्याच्या गावात निवृत्तीनंतर कंपनीचे घर सोडावे लागते. सामानाची आवराआवर होते, मुले पुण्या-बंगळूरला असतात आणि कपाटातला जुना कॅमेरा ‘आता याचा काय उपयोग’ म्हणून भंगारवाल्याकडे जातो. काच आणि पितळ जाते त्याचे एवढे दुःख नाही. त्यावर हात बसलेल्या माणसाला कुणी काही विचारलेच नाही, याचे दुःख मोठे.

आपल्या घरी असा एखादा कॅमेरा असेल तर तो विकण्यापूर्वी किंवा टाकण्यापूर्वी वडिलांच्या, सासऱ्यांच्या, काकांच्या हातात एकदा द्या. कडी कशी फिरवायची ते विचारा. बोटे थरथरत असतील, डोळ्यांना नीट दिसत नसेल, तरी ती कडी फिरवायला ते विसरलेले नसतात. शेजारपाजारचा एखादा कॅमेरावेडा मुलगाही बोलवा. त्याला गुरू मिळेल, त्यांना सोबत मिळेल, आणि घरातले ते मुके भिंग पुन्हा कुणाच्या तरी कामी येईल.