स्कॉटलंडचे वादक सर जिमी शँड

आपल्यांतील पुष्कळ घरीं बाजाची पेटी असते. भात्यानें कोंडलेला वारा धातूच्या पातळ पट्टीवरून गेला म्हणजे ती कंप पावते व सूर उमटतो, हें मुलांसही ठाऊक असतें. ॲकॉर्डियन हें वाद्य याच कुळांतील होय. भेद इतकाच कीं, पेटीचा भाता एका हातानें हालवावयाचा व दुसऱ्या हातानें पट्ट्या दाबावयाच्या; ॲकॉर्डियन मात्र खांद्यांस अडकवून, भाता ओढतां-दाबतां दोन्ही हातांच्या बोटांनीं वाजवावयाचें असतें. या वाद्यास स्कॉटलंडांत मोठी मान्यता मिळवून देणाऱ्या एका खाणकामगाराच्या मुलाचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

जिमी शँड यांचा जन्म २८ जानेवारी १९०८ रोजीं फाईफ परगण्यांतील ईस्ट वीम्स या गांवीं झाला. वडील पूर्वी शेतावर नांगर धरीत. पुढें ते कोळशाच्या खाणींत गेले. घरांत नऊ मुलें व मिळकत बेताची. तथापि मेलोडियन, म्हणजे लहानशी बटणांची ॲकॉर्डियन, वाजविण्यांत वडील निपुण होते. मुलानें आधीं माऊथ ऑर्गन व मग फिडल हातीं घेतलें. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली आणि तोही खाणींत उतरला.

१९२६ सालीं ब्रिटनमधील खाणकामगारांचा मोठा संप झाला. संपकऱ्यांच्या साह्यार्थ भरलेल्या जलशांतून या अठरा वर्षांच्या तरुणानें वादन केलें. त्याचा परिणाम असा झाला कीं, संप मिटल्यावर खाणीचें दार त्यास कायमचें बंद झालें. परंतु ज्या कलेपायीं अन्न तुटलें, तिनेंच तें पुढें मिळवून दिलें.

एके दिवशीं डंडी शहरांत एका दुकानाच्या कांचेआड मांडलेलीं वाद्यें तो मित्रासह पाहात उभा होता. एखादें वाजवून पाहावयास पैसे थोडेच पडतात, असें मित्रानें सुचविलें. जिमी आंत गेला व वाजवूं लागला. मालक चार्ल्स फोर्ब्स यांनीं तें ऐकून फिरत्या विक्रेत्याची व उधारी-वसुलीची नोकरी त्यास तेथल्या तेथें देऊं केली.

बी.बी.सी.च्या परीक्षेंत मात्र ते नापास झाले. कारण काय, तर वाजवितांना ते पायानें ताल धरीत! नवल हें कीं, पुढें त्यांची कीर्ति झाली ती या तालाच्या पक्केपणामुळेंच. नृत्यास साथ करणाऱ्यानें मध्येंच लय वाढविली तर नाचणाऱ्यांचीं पावलें चुकतात. जिग हा प्रकार तीन-तीनच्या दोन खंडांचा, म्हणजे मोजणींत आपल्या दादऱ्याच्या जवळचा. रील वेगवान, तर स्ट्रॅथस्पे सावकाश व तुटक ठेक्याचा. प्रकार कोणताही असो, शँड यांच्या वाद्यवृंदाची गति आरंभापासून अखेरपर्यंत ढळत नसे.

पोटाच्या विकारामुळें विमानदलांत प्रवेश न मिळाल्यानें दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांनीं अग्निशामक दलांत घालविला. १ जानेवारी १९४५ रोजीं त्यांचा वाद्यवृंद नभोवाणीवर प्रथम ऐकूं आला. होनर कंपनीनें त्यांच्या नांवें ‘शँड मोरिनो’ ही ॲकॉर्डियन काढली. तिच्या उजव्या हाताकडील एकच बटण भाता ओढतांना एक सूर देतें व दाबतांना दुसरा. म्हणजे बोटांइतकेंच लक्ष भात्याकडेही हवें. १९५५ सालची त्यांची ‘ब्लूबेल पोल्का’ ही ध्वनिमुद्रिका फार गाजली. स्वतः रचलेल्या त्यांच्या चाली ३३० हून अधिक आहेत. १९९९ सालीं, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला व २३ डिसेंबर २००० रोजीं ते निवर्तले.

त्यांचा मुलगाही हेंच वाद्य शिकला व पित्याबरोबर वाजवूं लागला. तीन पिढ्यांची ही विद्या ज्या घरांत सुरू झाली, तेथें धन नव्हतें. वडील वाजवीत होते, एवढेंच. वाद्य घरांत असणें निराळें आणि तें मुलांच्या कानीं पडणें निराळें. आपल्या पेटीवरचें आच्छादन कितीदां निघतें, याचा विचार सुज्ञ गृहस्थांनीं व गृहिणींनीं अवश्य करावा.