हातातला खेळ, वाकलेली मान

२०१७ मध्ये निन्टेंडोचा स्विच आला आणि टीव्हीला जोडायचे गेम कन्सोल आता अडगळीत जाणार, अशी चर्चा सुरू झाली. २०२२ च्या स्टीम डेकने तिला जोर दिला. अडचण आहे उष्णतेची. प्लेस्टेशन ५ मोठा खेळ चालवताना सुमारे २०० वॉट वीज घेतो. स्टीम डेकची मुख्य चिप १५ वॉटच्या आत ठेवली आहे. त्याहून फार वाढवली तर बॅटरी बघता बघता संपेल, यंत्रही हातात धरवणार नाही.

चिप सुधारतील. मान मात्र आहे तीच राहणार. डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो. मान जितकी खाली वाकते, तितका तिच्या स्नायूंवरचा भार वाढतो. जवळच्या छोट्या पडद्यावर नजर खिळली की पापण्या कमी लवतात, डोळे चुरचुरतात. अंगठ्याची सुटका दोन्हीकडे नाही: अंगठ्याच्या दुखण्याला ‘निन्टेंडिनायटिस’ हे नाव १९९० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले, तेही घरच्या कन्सोलमुळे!

स्विच डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर खेळता येतो. घरी असताना मुलांनी तो तसाच वापरावा, पाठ टेकून, आणि अर्ध्या तासाने उठावे. बधिर झालेली बोटे किंवा रात्री ठणकणारे मनगट घेऊन महिनाभर थांबू नये.