विनोद सरले तरी हसू सरलं नाही

या पोट्टेहो, संत्र्याच्या रोपांना पाणी देऊन झालं असंल तर बसा ओट्यावर. चिमे, अमरावतीच्या बागेत तू म्हातारी माणसं हात वर करून हसताना पाहिली, अन् आता मला इचारतेस, "आबा, कोणी जोक सांगला नाई, मंग ते हसले काहून?" लई चांगला प्रश्न आहे बाप्पा!

या अशा हसण्याची गोष्ट मुंबईतली. १९९५ च्या मार्चात, अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया पाच जणांना घेऊन सकाळी हसायला जमले. रोज एकेकानं विनोद सांगायचा. पंधरवड्यात चांगले विनोद सरले, उरलेले कोणाला तरी झोंबू लागले. मंग डॉक्टरांनी विनोदच काढून टाकले. नुसतं हसण्याचं सोंग करा म्हणाले. एकाचं तोंड पाहून दुसऱ्याला खरंच हसू फुटलं! त्यांच्या पत्नी माधुरीताई योग शिकवत, म्हणून प्राणायामही त्यात आला.

आता पोटावर हात ठेव अन् खदखदून हास. हादरे बसतात ना? पोटाचे अन् बरगड्यांचे स्नायू हवा बाहेर ढकलतात. चिंपांझी हसतो तवा श्वासागणिक एकच आवाज निघतो. माणूस एका श्वासात हा-हा-हा-हा करत छाती रिकामी करतो. मेहनतच ती!

या मेहनतीचं मोल ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी तपासलं. लोकांना हसवलं, मंग रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळत नेला, नाहीतर हाताला बर्फगार वेष्टन बांधलं. हसलेल्यांनी कळ जास्त वेळ सोसली. नुसती प्रसन्न वाटणारी चित्रफीत पाहून तसं झालं नाही. डनबार म्हणतात, मेंदू अशा वेळी एंडॉर्फिन सोडतो, म्हणजे अंगातलंच वेदनाशामक. अन् हसण्याचाच अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना दिसलं, की माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत तीसपट जास्त हसतो. म्हणूनच मला वाटते, त्या बागेतलं खरं औषध शेजारी उभा असलेला माणूस. घरात दिवसभर एकट्या बसणाऱ्या म्हाताऱ्याला सकाळी कोणी तरी वाट पाहणारं भेटते, ते मला फार मोलाचं वाटते.

पण हसून मधुमेह जात नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत. अन् शेजारच्या नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना सध्या हसवू नका. डॉक्टर हो म्हणेस्तोवर त्यांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या.