केळीवाल्याच्या वेबसाइटवर प्रश्नचिन्हं का आली? कोडसाठी एडिटर निवडताना हे बघा

समजा, धुळ्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका पोराला रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं काम मिळालं. एका पानाची वेबसाइट. वर नाव, खाली फोन नंबर, आणि मधोमध ठळक ओळ, ‘जळगावची केळी’. या केळीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय, म्हणजे मिरवण्यासारखी गोष्ट आहे. पोरानं जुन्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये कोड लिहिला, सेव्ह केला, ब्राउझरमध्ये उघडला. केळीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग!

कोड बरोबर होता. गडबड सेव्ह करताना झाली.

कॉम्प्युटर अक्षरं नाही, आकडे साठवतो. जुन्या नोटपॅडची नेहमीची पद्धत होती ‘एएनएसआय’. इंग्रजी विंडोजवर त्यात जेमतेम अडीचशे चिन्हांची सोय, देवनागरीला जागाच नाही. सेव्ह करताना नोटपॅड इशारा द्यायचा, पण तो वाचतो कोण? ओके दाबलं की मराठी अक्षरं गेली. देवनागरीसाठी हवं यूटीएफ-८. त्यात आपलं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, पण शाबूत राहतं. विंडोज १०च्या २०१९मधल्या अपडेटपासून नोटपॅडही आपणहून यूटीएफ-८मध्येच सेव्ह करतो. मात्र जुन्या मशीन अजून चालतायत, म्हणून हा घोळही चालू आहे.

कधीकधी प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात. तेव्हा घाबरू नका, माल गोदामात आहे, फक्त पाटी चुकलीय. पानाच्या सुरुवातीला ‘मेटा चारसेट’ यूटीएफ-८ लिहा, बहुतेक वेळा काम होतं. फाइलमध्येच प्रश्नचिन्हं सेव्ह झाली असतील तर मात्र मजकूर परत टाइप करण्यावाचून इलाज नाही.

आता एडिटरकडे येऊ.

लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी, विंडोज असेल तर नोटपॅड++ घ्या. २००३पासून चालत आलेला, फुकट, काही एमबींचा. पोर्टेबल आवृत्ती पेन ड्राइव्हवर टाकली की कॉलेजच्या लॅबमध्येही इन्स्टॉल न करता चालते. फाइल कशात सेव्ह होतेय ते खाली उजव्या कोपऱ्यात दिसतं. एक खाच लक्षात ठेवा. एन्कोडिंगच्या मेनूत नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडलं तर तो तीच फाइल वेगळ्या पद्धतीनं वाचतो. खरंच बदलायची असेल तर ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’. पीएचपी लिहिणाऱ्यांनी ‘बीओएम’वालं यूटीएफ-८ टाळावं, नाहीतर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ची एरर शोधण्यात रात्र जाते.

रॅम आठ जीबी असेल तर व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टनं २०१५मध्ये आणलेला हा एडिटर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, टॅग सुचवतो, कंस जुळवतो. पण त्याच्या पोटात क्रोमचंच इंजिन आहे. बाजूला क्रोमचे दहा टॅब आणि एक्सॅम्प उघडं असलं की चार जीबीची मशीन धापा टाकते. यूट्यूबवर ‘हे वीस एक्स्टेन्शन टाकाच’ सांगणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा. सुरुवातीला एखाद-दुसरं पुरतं.

फॅशन बघून एडिटर धरू नये याला पुरावाही आहे. ॲडोबीनं ब्रॅकेट्सचा सपोर्ट २०२१मध्ये थांबवला, गिटहबनं ॲटम डिसेंबर २०२२मध्ये बंद केला. एकेकाळी दोन्हींचं केवढं कौतुक होतं!

लॅपटॉपच नसेल तर? अँड्रॉइडवर ‘एकोड’ आहे. मोठं काम नाही होणार, पण एचटीएमएलचा सराव नक्की होतो.

कोणताही एडिटर घेतलात तरी आधी ‘ज्ञानेश्वर, कृष्णा, दऱ्या’ असे शब्द टाइप करून बघा. जोडाक्षरं तुटत असतील, कर्सर भलतीकडेच उभा राहत असेल, तर मराठी मजकुरासाठी तो त्रासाचा. आणि डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर आणून चिकटवला, तर कुठल्याही एडिटरमध्ये कचराच दिसेल. तो फॉन्ट युनिकोड नाही, आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. यात एडिटरचा दोष नाही.

व्हीएस कोडमध्ये एचटीएमएल फाइल उघडून उद्गारचिन्ह टाइप केलं आणि टॅब दाबला की पानाचा सांगाडा तयार मिळतो, यूटीएफ-८सकट. फक्त त्यात भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी लिहिलेली असते. ती तशीच राहिली तर अंध वाचकाचं स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचायला जातं. तिथे ‘एमआर’ करा. पान अहिराणीत असेल तर तिलाही स्वतःचा कोड आहे, ‘एएचआर’.