बावीस सेकंदांची प्रयोगशाळा

चलथाणचा साखर कारखाना ज्यांनी आतून पाहिला आहे, त्या विद्यार्थ्यांना तेथील सेंट्रिफ्यूगल यंत्र ठाऊक असेल. दाणे धरलेला घट्ट पाक जाळीच्या डब्यात घालून तो डबा अतिशय वेगाने फिरवितात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते व साखर आत उरते. फिरत्या डब्यातील पाकावर त्याच्या वजनाच्या शेकडो पट जोर पडत असतो. म्हणजे वजन वाढविण्याची युक्ती गळिताच्या हंगामात आपल्या गावात रोजच वापरली जाते. मग वजन नाहीसे करण्याची युक्तीही असेल काय? आहे, आणि तिचा उपयोग करून काही शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी चक्क विमानात प्रयोग केले आहेत. त्यांची ओळख करून देण्याचा या लेखात विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘अंतराळवीर तरंगतात, कारण तेथे गुरुत्वाकर्षण नसते,’ असे उत्तर परीक्षेच्या वहीत पुष्कळदा वाचावयास मिळते. ते बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते, आणि तेथेही पृथ्वीची ओढ येथल्या ओढीच्या जवळजवळ ८९ टक्के असते. मग माणसे तरंगतात कशी? उत्तर असे, की ती माणसे आणि ते स्थानक सारखी एकत्र पडत असतात. स्थानकाचा आडवा वेग एवढा असतो, की ते पडते, परंतु पृथ्वीचा गोल पृष्ठभागही तितकाच खाली वळत गेल्यामुळे जमिनीला कधी टेकत नाही.

आपल्याला आपले वजन जाणवते, ते पायांखालची जमीन आपल्याला अडवून धरते म्हणून. जमीनच आपल्याबरोबर पडू लागली, तर अडविणार कोण? आमच्या कोंकणीत नारळाला ‘नाल्ल’ म्हणतात. माडावरून सुटलेल्या नाल्लावर एखादी मुंगी बसलेली आहे, असे समजा. मुंगी आणि नाल्ल सारख्याच वेगाने खाली येतात, म्हणून खाली पोहोचेपर्यंत मुंगीचा भार नाल्लावर जवळजवळ पडतच नाही. मोकळेपणी पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही, हा विचार आइन्स्टाइनला १९०७ साली सुचला, आणि त्यातूनच पुढे त्याचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त उभा राहिला.

आता अडचण वेळेची. पाच मीटर उंचीवरून वस्तू सोडली, तर ती एका सेकंदात जमिनीवर येते. बावीस सेकंद पडत राहावयाचे, तर हवेचा अडथळा सोडून दिला तरी सुमारे २,४०० मीटर उंची हवी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. तेही अपुरे पडेल! येथे एक सुंदर तोड निघाली. चेंडू वर फेकला, की हातातून सुटल्या क्षणापासूनच तो ‘पडत’ असतो. वर जाताना त्याचा वेग कमी होतो, हेही पडणेच. अकरा सेकंद वर जाण्यात आणि अकरा सेकंद खाली येण्यात घालविले, तर तेवढ्याच वेळाला सुमारे ६०० मीटर उंची पुरते. म्हणजे विमानाने स्वतःलाच चेंडूसारखे वर फेकावे! ही कल्पना फ्रिट्झ व हाइन्झ हाबर या बंधूंनी १९५० साली मांडली.

प्रत्यक्षात होते ते असे. विमान प्रथम नाक वर करून झपाट्याने चढते. तेव्हा आतील माणसांना आपले वजन सुमारे १.८ पट झाल्यासारखे वाटते. हात उचलणेही जड जाते. मग वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. हवेच्या अडथळ्याला पुरून उरेल एवढाच जोर तो ठेवतो, आणि विमान फेकलेल्या चेंडूच्या वाटेने, म्हणजे अन्वस्त वक्राने, जाऊ लागते. या सुमारे बावीस सेकंदांत माणसे, अवजारे, पाण्याचे थेंब, सारे तरंगते. पुढे विमान सावरून वर उचलताना पुन्हा वजन वाढते. वक्र थोडा सपाट ठेवला, तर चंद्रावरील एकषष्ठांश वजनाचाही अनुभव घेता येतो. फ्रान्समधील बोर्दो येथून २०१५ पासून उडणारे एअरबस ए-३१० विमान एका उड्डाणात असे ३१ वक्र घेते. या चढउतारांनी पुष्कळांना ओकारी येते. म्हणूनच अमेरिकेतील अशा विमानाला तेथील लोक थट्टेने ‘वांतीचा धूमकेतू’ म्हणत.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९० च्या दशकापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना, आणि पुढे शाळांतील शिक्षकांनाही, ह्यूस्टनहून उडणाऱ्या आपल्या विमानात स्वतःचे प्रयोग करू दिले. नासाने ते विमान चालविणे २०१४ साली बंद केले. युरोपात मात्र विद्यार्थ्यांसाठी अशी सोय आहे. प्रयोगांचे विषय ऐकावयास साधे वाटतात. मेणबत्तीची ज्योत येथे निमुळती का असते? गरम हवा हलकी होऊन वर जाते म्हणून. वजनच नाहीसे झाले, की हलके-जड हा भेद उरत नाही, आणि ज्योत गोलसर व निळसर होते. पाण्यातील बुडबुडेही वर येत नाहीत. जे आपण वस्तूचा स्वभाव समजतो, त्यातले किती वजनामुळे घडते, हे असे प्रयोग दाखवितात.

बावीस सेकंदांत विचार करावयास सवड नसते. म्हणून प्रश्न कोणता, मोजावयाचे काय, बटण कोणी दाबावयाचे, नोंद कोणी ठेवावयाची, हे सारे जमिनीवरच ठरवावे लागते. सेकंद आकाशातले, परंतु खरे विज्ञान त्याआधीच्या अनेक महिन्यांच्या तयारीत असते.

आपल्या देशातही या विद्येची वाटचाल चालू आहे. मद्रासच्या आयआयटीत एक उंच मनोरा असून त्यात प्रयोगाचे साहित्य सोडून अडीच सेकंदांची वजनरहित अवस्था मिळवितात. २०२५ साली शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकावर मूग व मेथीचे दाणे रुजविले. आपल्या स्वयंपाकघरातील मोड आलेले कडधान्य हाही तेथे संशोधनाचा विषय ठरला!

आपल्याजवळ विमान नाही, मनोरा नाही. परंतु अर्धा सेकंद आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ बारीक भोक पाडा. बोटाने ते दाबून बाटलीत पाणी भरा, झाकण काढलेले राहू द्या. छातीइतक्या उंचीवर बाटली धरून बोट काढा, धार लागेल. आता खाली बादली ठेवून बाटली अलगद सोडून द्या. खाली पोहोचेपर्यंत धार थांबलेली दिसेल, कारण पाणी आणि बाटली एकत्र पडत आहेत. एकाने सोडावी, एकाने मोबाईलवर चित्रण करावे, एकाने लिहावे. आणि हे दहा वेळा करावे. मग बाटली वर फेकून पाहा. वर जातानाही धार थांबते काय? उत्तर काय येईल, ते आधी वहीत लिहा आणि मगच बाटली फेका. पुस्तकात छापलेल्या उत्तरापेक्षा असे स्वतः पडताळलेले उत्तर अधिक दिवस आपल्याजवळ राहते.