वाईटपणा कोणी घ्यायचा?

"आई, माझ्याशी कोणी बोलतच नाही गं!"

रात्री साडेदहाला मुलीचा फोन आला आणि माझ्या काळजात धस्स झाले. ती इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहते. यंदा मैत्रिणींनी तिला मोठ्या हौसेने मेस सेक्रेटरी निवडून दिले होते. तेल महागले, गॅस महागला, म्हणून तिने महिन्याचे बिल दोनशे रुपयांनी वाढवले. दुसऱ्या दिवसापासून जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी! वर कुजबुज, "हिचं कमिशन असणार."

मी शाळेत अर्धवेळ इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. तिची समजूत घालताना मला इतिहासच आठवला, आणि तोही मेसच्या बिलाचाच.

गुजरातेत १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसला १६८ पैकी १४० जागा मिळाल्या होत्या. जुलै १९७३ मध्ये चिमणभाई पटेल मुख्यमंत्री झाले. एकेकाळी ते स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक! पण दुष्काळानंतर धान्य महागले, शेंगदाण्याचे तेल गृहिणीच्या हाताबाहेर गेले. सरकारचे तेलाच्या व्यापाऱ्यांशी साटेलोटे आहे, असा संशय घरोघरी बोलला जाऊ लागला. अशात डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनियरिंग कॉलेजच्या वसतिगृहात जेवणाचे बिल वाढले. मुले भडकली. बघता बघता ते 'नवनिर्माण आंदोलन' झाले. मुंबईत १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. गुजरातेतही बायकांनी थाळ्या बडवल्या. गावोगावी संचारबंदी लागली, गोळीबार झाले, शंभराच्या आसपास माणसे प्राणास मुकली. शेवटी ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. एवढे बहुमत, पण सात महिनेही टिकले नाही!

"पण आई, मी एक पैसासुद्धा खाल्लेला नाही!" लेक रडवेली झाली.

"ते मला ठाऊक आहे गं. पण त्या मुलींना कुठून कळणार? बिल वाढवण्याआधी त्यांना हिशेब दाखवलास का?"

पलीकडे शांतता.

मैत्रिणींनो, हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. दोन वर्षांपूर्वी घराचा हप्ता सुरू झाला, तेव्हा मी रविवारचे हॉटेल बंद केले. 'आई कंजूष' म्हणून मुलांनी तोंडे फुगवली. ह्यांनीही "तुझं आपलं काहीतरीच" म्हणून अंग काढून घेतले. आठवडाभर मी एकटीच वाईट! शेवटी खर्चाची वही सर्वांसमोर टेबलावर ठेवली. मुलाने बेरीज केली, पुन्हा केली आणि म्हणाला, "आई, माझा क्लास एवढा महाग आहे?" त्या दिवसापासून कुरकुर संपली असे नाही, पण तिच्यातला संशय गेला.

महागाई माणूस एकवेळ सोसतो, पण आपल्याला न विचारता, आपल्यापासून लपवून काही चालले आहे, हे तो सोसत नाही. मग ते सरकार असो, मेस असो की आपले स्वयंपाकघर.

अर्थात प्रत्येक वाईटपणा टाळायचा नसतो. परीक्षेत मी कॉपी पकडते, तेव्हा वर्गाची नावडती होतेच. ते सोसायचे, कारण त्या कामाचा हिशेब मी कोणालाही देऊ शकते. म्हणून कोणी आपल्यावर रुसले, की स्वतःला एवढेच विचारावे: माझी वही मी यांच्यासमोर उघडू शकते का? उघडता येत असेल, तर उघडावी. येत नसेल, तर रुसणाऱ्याचे काय चुकले?

लेकीने दुसऱ्याच दिवशी तेल-डाळ-गॅसच्या पावत्या फलकावर लावल्या. सामान मोजून घ्यायला रोज दोन मुलींची पाळी लावली. एकीने चूक काढली, भाजीच्या बेरजेत चाळीस रुपये जास्त धरले होते. हिने सर्वांसमोर ती कबूल केली. बिल मात्र वाढलेलेच राहिले.

परवा पुन्हा फोन आला. "आई, अजून दोघी बोलत नाहीत."

"आणि शेजारची खुर्ची?"

"ती भरली गं," ती हसून म्हणाली. "चूक काढणारीच बसते तिथे!"