निवृत्तिवेतन : आजची सेवा, उद्याचा भार

नेवासे तालुक्यातील सोनई येथे जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि मुळा सहकारी साखर कारखान्याचे कामगार एकाच बाजारात खरेदी करतात. त्यांच्या उतारवयाची तरतूद मात्र निरनिराळ्या मार्गांनी होते. कारखान्याच्या कामगारासाठी १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली दरमहा निधीत रक्कम जमा होते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या शिक्षकासाठी असा निधी साठविलेला नसतो. शेवटच्या वेतनाच्या निम्म्यापर्यंतचे निवृत्तिवेतन आणि त्यावरील महागाई वाढ त्या त्या वर्षीच्या राज्य महसुलातून द्यावी लागते. नेमणुकीच्या दिवशी स्वीकारलेले हे दायित्व अर्थसंकल्पात उमटते ते तीस-पस्तीस वर्षांनी. रस्ते, पाणीपुरवठा व नवी शिक्षकभरती यांचा खर्चही त्याच महसुलातून भागवावयाचा असतो.

तथापि निवृत्तिवेतन हा शासनाचा कृपाप्रसाद नव्हे. तो सेवकाचा हक्क होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात दिला आहे.

२००५ नंतरच्या अंशदायी योजनेत कर्मचाऱ्याने १० टक्के आणि शासनाने प्रथम १० व पुढे १४ टक्के अंशदान देण्याचे ठरले. त्यामुळे शासनाचा भार दरवर्षी स्पष्ट दिसू लागला. परंतु गुंतवणुकीतील चढउतारांची जोखीम कर्मचाऱ्याकडे गेली. मार्च २०२३ मधील राज्यव्यापी संपाचे मूळ याच अनिश्चिततेत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निश्चित निवृत्तिवेतनाची हमी देणाऱ्या एकीकृत योजनेस मान्यता दिली. हमी आली की जोखमीचा वाटा पुन्हा करदात्याकडे येतो. म्हणूनच प्रत्येक हमीबरोबर तिच्यासाठीची तरतूदही आजच होणे अगत्याचे आहे.